इशारा ऐकणाऱ्याचें कर्तव्य

मननाचा भाग: निर्गम ९:१८-२१

या भागांत मिसर देशावर पडलेल्या गारांची हकीकत आहे. उद्यां याच सुमारास गारा पडतील, म्हणून रानांतील गुरें व माणसें आंत आणा, असें देवानें मोशेच्या द्वारें एक दिवस आधींच कळविलें. फारोच्या सेवकांपैकीं ज्यांस त्या वचनाचें भय वाटलें त्यांनीं आपले चाकर व गुरें घरांत आणिलीं. ज्यांनीं तें मनावर घेतलें नाहीं त्यांनीं तीं रानांतच राहूं दिलीं. इशारा ऐकिला धन्यानें. त्याच्या हयगयीनें प्राण गेला तो रानांतल्या चाकराचा.

परभणी जिल्ह्यांतील आम्हांस ही गोष्ट परकी नाहीं. २०१४ सालीं फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यांत वारंवार गारपीट होऊन गहूं, हरभरा, ज्वारी हीं उभीं पिकें आडवीं झालीं. विजेचें भय तर दरवर्षीं आहे: मृगाआधींच्या वळवांत, आणि परतीच्या पावसांत, ऐन सोयाबीन काढणीला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत वीज पडून २,८८७ माणसें मेलीं.

आज इशारा दुर्मिळ नाहीं. १८७५ सालीं स्थापन झालेला भारत हवामानशास्त्र विभाग जिल्हावार इशारा देतो. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीनें असा, तांबडा म्हणजे तत्काळ कृति करा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचें ‘दामिनी’ हें ॲप सभोंवारच्या २० ते ४० किलोमीटरांतील विजेची सूचना मोबाइलवर देतें. मोबाइल नसेल त्यानें वीज चमकतांच सेकंद मोजावे. तीस होण्याआधीं गडगडाट ऐकूं आला, तर वीज दहा किलोमीटरांच्या आंत आहे. मग झाडाखालीं न थांबतां पक्क्या घराचा आसरा घ्यावा, व शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये. वीज पडलेल्या मनुष्यास हात लावण्यास भिऊं नये. त्याच्या अंगांत वीज राहत नाहीं. त्यास लागलीच मदत करावी.

परंतु इशारा ज्याच्या खिशांत असतो तो पुष्कळदां ओसरीवर बसलेला असतो. ज्या बाया सोयाबीन कापतात, जीं पोरें शेळ्या राखितात, त्यांस तो कळतच नाहीं. कळला तरी काम थांबविल्यास रोज कापला जाईल, ही धास्ती त्यांस वावरांतच धरून ठेविते. म्हणून, शेतधनी बंधूंनो, आभाळ दाटून येतांच मजुरांस आंत बोलवा, आणि त्या वेळेची मजुरी कापूं नका. पैशांच्या भयानें मजूर झाडाखालीं थांबला, तर त्याच्या जिवाचा जाब देव आम्हांस विचारील.

कोणी म्हणतात, मरण देवाच्या हातीं आहे, मग धांवपळ कशाला? बंधुजनहो, गारा ज्याच्या हातीं होत्या त्यानेंच आधीं सूचना दिली, आणि तीही त्याच्या लोकांस छळणाऱ्या मिसऱ्यांस! इशारा ही त्याची दया आहे. ती झिडकारणें हा विश्वास नव्हे. प्रार्थना अवश्य करावी, आणि प्रार्थना करून उठल्यावर शेजाऱ्यास हाक मारावी.

प्रत्येक मंडळींत एका तरुणानें रोज इशारा पाहून वस्तींत कळवावा. जेथें पक्कें मंदिर आहे तेथें अशा वेळीं त्याचें दार जात-धर्म न पाहतां सर्वांस उघडें असावें. ऐकलेलें वेळींच दुसऱ्यास कळविण्याची बुद्धि प्रभु आम्हां सर्वांस देवो. आमेन.