बोटीवर किती माणसं होती?

गेल्या डिसेंबरात एका रात्री दीडच्या सुमारास मी माझ्या बोटीवरचा एक खलाशी खाल्ला.

गेममध्ये, अर्थात. शिधा संपला होता, भुकेचा काटा वर चढत होता, बंदर लांब होतं. पडद्यावर दोन-तीन पर्याय आले, त्यातल्या एकावर मी क्लिक केलं. क्रूचा आकडा 9 होता, तो 8 झाला. भूक खाली आली. मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर सुटल्यासारखं. मग मी पाणी प्यायलो, मांडी बदलली आणि पुढे खेळत राहिलो.

गेमचं नाव 'सनलेस सी'. लंडनच्या फेलबेटर गेम्स या छोट्या स्टुडिओने तो 2015 साली काढला. पुढच्या वर्षी 'झुबमरीनर' नावाचा जोडभाग आला, त्यात बोट थेट पाण्याखाली नेता येते. गोष्ट अशी की, 1862 मध्ये वटवाघळांनी अख्खं लंडन उचलून जमिनीखालच्या एका अफाट गुहेत नेऊन ठेवलंय. तिथे सूर्य नाही, आणि शहराच्या पायाशी एक काळा समुद्र पसरलाय. तुम्ही एका आगबोटीचे कप्तान. (तिथले लोक 'सी'ला 'झी' म्हणतात. झी मराठीशी संबंध नाही, जरी काही मालिका बघून तसा संशय येऊ शकतो.)

हा रोगलाइक प्रकारातला गेम, म्हणजे मेलात की मेलात. नवा कप्तान, नवी सुरुवात, आणि समुद्रातली बरीचशी बेटं जागा बदलून बसलेली. सौम्य मोडमध्ये खेळलात तर हवं तेव्हा सेव्ह करता येतं. मी हट्टाने कडक मोड घेतला होता. मेलेल्या कप्तानाकडून पुढच्याला काहीतरी वारसा मिळतो, उदाहरणार्थ त्याचा नकाशा. मागचा जिथे बुडाला तिथून पुढे तुम्ही शहाणे होऊन निघता. खलाशांकडून कुणाला काही मिळत नाही.

सगळा खेळ काटकसरीचा आहे. इंधन, शिधा आणि विकायचा माल एकाच तळघरात मावायला हवा. शिवाय 'टेरर' नावाचा एक आकडा असतो, भीतीचा. अंधारात तो चढतो. दिवा लावला तर भीती हळू वाढते, पण इंधन जास्त जळतं आणि पाण्यातल्या जिवांना तुम्ही दिसता. विझवला तर लपून जाता येतं, पण बोटीवरच्या माणसांची डोकी फिरायला लागतात. पाण्याखाली गेलात की त्यात ऑक्सिजनची भर. खाली काय काय आहे ते सांगत नाही. हलणारा डोंगर बघितल्यावर मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ गॅलरीत उभा राहिलो होतो, एवढंच सांगतो.

ही भीती आपल्याकडच्या भुताच्या भीतीपेक्षा वेगळी आहे. कोकणातल्या राखणदाराला गाऱ्हाणं घालता येतं. त्याला तुमच्याकडून काहीतरी हवं असतं, मान, नारळ, कोंबडा, आणि चुकलात तर तो रागावतो. रागावणं हाही एक संबंधच झाला. अमेरिकन लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट (1890-1937) याने जी भीती लिहिली तिच्यात हा संबंधच तुटलेला आहे. तिथल्या प्रचंड शक्तींना माणसाचा राग नाही आणि लोभही नाही. चालताना आपल्या पायाखाली मुंगी येते तसे आपण येतो. नारायण धारपांच्या वाचकांना ही चव थोडीफार ओळखीची असेल.

त्या रात्री गेम बंद केल्यावर झोप येईना, तेव्हा डोक्यात आलं ते असं: माझ्या नऊ खलाशांच्या दृष्टीने ती प्रचंड, थंड, गाऱ्हाणं न ऐकणारी शक्ती कोण होती? समुद्रातला डोंगर नव्हे. त्याने बिचाऱ्याने अजून कुणाला हात लावला नव्हता.

गेमने इथे एक गोष्ट फार हुशारीने केली आहे. बोटीवरच्या अधिकाऱ्यांना चित्रं आहेत, टोपणनावं आहेत, गोष्टी आहेत. मेकॅनिकशी गप्पा माराव्यात, डॉक्टरच्या दुःखात शिरावं. खलाशी मात्र एका कोपऱ्यातला आकडा. त्यांना काय आवडतं, घरी कोण आहे, काही कळत नाही. बंदरावर पैसे टाकून आकडा वाढवायचा, समुद्रावर तो कमी होत जातो. आणि कमी होतो तेव्हा चेहरा आड येत नाही.

"अरे, पिक्सेल आहेत ते," असं मित्र म्हणाला. मान्य. कुणीही मेलं नाही. गेममध्ये कोण कसा वागतो यावरून त्याचं चारित्र्य ठरवणाऱ्यांतला मी नाही. तसं असतं तर जीटीए खेळलेली आमची अख्खी कॉलेजची बॅच आत असती. मला त्रास झाला तो 'मी काय केलं' याचा नव्हता. करताना मनात जे वाक्य आलं त्याचा होता: "दुसरा इलाजच नव्हता." हे वाक्य मी महिन्याभरापूर्वीच एकदा बोललो होतो, जिवंत माणसासमोर.

त्याकडे येतो. आधी एक खरी बोट.

19 मे 1884 ला 'मिन्योनेट' नावाची नौका इंग्लंडमधल्या साउदम्प्टनहून सिडनीला निघाली. नौका 52 फुटी, मुळात इतक्या लांबच्या सफरीसाठी न बनलेली. ती एका ऑस्ट्रेलियन वकिलाने विकत घेतली होती आणि सुमारे 15,000 मैल चालवत नेऊन त्याला पोचवायची होती. बोटीवर चार जण: कप्तान टॉम डडली, एडविन स्टीफन्स, एडमंड ब्रूक्स आणि 17 वर्षांचा रिचर्ड पार्कर. 5 जुलैला वादळात नौका बुडाली. चौघे एका छोट्या होडीत उतरले. जवळ सलगमचे दोन डबे, पाणी अजिबात नाही. मधे एक कासव मिळालं. पार्कर समुद्राचं पाणी प्यायला आणि आजारी पडला. विसाव्या दिवशी डडलीने, स्टीफन्सच्या संमतीने, त्याला मारलं. ब्रूक्स तयार नव्हता, पण खाल्लं तिघांनी. चार दिवसांनी एका जर्मन जहाजाने त्यांना वाचवलं.

('लाइफ ऑफ पाय'मधल्या वाघाचं नाव रिचर्ड पार्कर का, हे आता कळलं असेल. गंमत म्हणजे एडगर अॅलन पोच्या 1838 च्या कादंबरीतही असाच खाल्ला जाणारा रिचर्ड पार्कर आहे. खरी घटना घडायच्या 46 वर्षं आधी!)

परत आल्यावर डडलीने काही लपवलं नाही. समुद्रावर असं होतं हे सगळ्या दर्यावर्दी लोकांना ठाऊक होतं. पण खटला झाला आणि डिसेंबर 1884 मध्ये लॉर्ड कोलरिज यांच्या न्यायपीठाने सांगितलं की, स्वतःचा जीव वाचवण्याची गरज हा खुनाचा बचाव होऊ शकत नाही. कुणाचा जीव कमी मोलाचा हे ठरवणार कोण, आणि कुठल्या मापाने? निवडला गेला तो सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत अशक्त. फाशी सुनावली, मग ती कमी होऊन सहा महिन्यांची कैद झाली. आपल्याकडे लॉ करणारी मुलंही हा खटला वाचतात.

मी यात बराच वेळ अडकलो, कारण मला डडलीची दया येते. त्या होडीत मी असतो तर मी काय केलं असतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. भरल्या पोटी निकाल देणं सोपं असतं. पण दोन गोष्टी निघता निघत नाहीत.

पहिली म्हणजे चिठ्ठ्या. अशा वेळी चिठ्ठ्या टाकायच्या, ही दर्यावर्दी लोकांची जुनी रीत. ती भयंकर आहे, पण तिच्यात कप्तानाचंही नाव पडतं. त्या होडीत चिठ्ठ्यांची गोष्ट निघाली होती, टाकल्या गेल्या नाहीत.

दुसरी मला कायद्याच्या पुस्तकात सापडली. भारतीय दंड संहितेचं (1860) कलम 81, आता भारतीय न्याय संहितेत कलम 19, याच प्रश्नाबद्दल आहे: मोठं नुकसान टाळण्यासाठी केलेलं नुकसान. त्यातलं उदाहरण बघा. एका आगबोटीचा कप्तान अशा जागी सापडतो की, सरळ गेला तर वीस-तीस प्रवाशांची बोट बुडणार, वळला तर दोनच प्रवासी असलेल्या बोटीला धोका. तो वळला तर गुन्हा नाही. ट्रॉली प्रॉब्लेमवरचे मीम येण्याच्या कितीतरी आधी हे कायद्यात लिहून ठेवलेलं आहे. पण त्या उदाहरणात एक अट आहे, जी मी पहिल्यांदा वाचताना उडी मारून पुढे गेलो होतो. कप्तान त्या जागी 'स्वतःची चूक किंवा हयगय नसताना' सापडलेला हवा.

म्हणजे कायदा फक्त पर्याय समोर आला त्या क्षणाचं विचारत नाही. तुम्ही तिथे पोचलात कसे, हेही विचारतो.

आता माझ्या डिसेंबरातल्या बोटीचं तळघर उघडू. लंडनहून निघताना मी अळंब्यांच्या दारूची पिंपं भरली होती. विकून चांगले पैसे आले असते, मोठी बोट घेता आली असती. तेवढ्यासाठी शिध्याची खोकी कमी घेतली. हिशोब केला होता: सगळं सुरळीत झालं तर पुरेल. सगळं सुरळीत झालं नाही. एका जनावराला चुकवायला पाण्याखाली वळसा घ्यावा लागला, वेळ गेला. म्हणजे तो खलाशी समुद्रावर भुकेच्या वेळी मेला खरा, पण त्याला मारायचं ठरलं होतं बंदरावर, दिवे लखलखीत असताना, माझं पोट भरलेलं असताना. फक्त तेव्हा त्या निर्णयाचं नाव 'नफा' होतं.

मिन्योनेटचंही असंच काहीसं म्हणता येईल. ती नौका त्या सफरीला पाठवायची हे निघण्याआधीच ठरलं. मालकावर खटला झाला नाही. तो होडीत नव्हता.

आणि मी? मी एका कंपनीत सात जणांची टीम सांभाळतो. मार्चमध्ये एक प्रोजेक्ट येऊ घातलं होतं, तोंडी होकार होता, सही नव्हती. माणसं आधीच तयार दिसली तर आपल्याला मिळेल, असा माझा हिशोब. मी मागणी करून दोघांना घेतलं. त्यातला एक सोलापूरची नोकरी सोडून आला. "इथे निवांत दोन-तीन वर्षं काम आहे," असं त्याला मीच म्हणालो. नोव्हेंबरात प्रोजेक्ट नाही म्हणून कळलं, आणि वरून निरोप आला: संध्याकाळपर्यंत दोन नावं पाठव.

मी एक्सेल उघडलं. नावं, पगार, रुजू झाल्याची तारीख. हे जे शेवटी आले ते दोघं, हे ठरवायला मला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्या शीटमध्ये सात ओळी होत्या. आठवी ओळ, माझी, नव्हती. ती असायला हवी असं तेव्हा मला सुचलंही नाही. दुसऱ्या दिवशी मीटिंग रूममध्ये दोघांना सांगितलं, "दुसरा इलाज नव्हता, माझ्या हातात काही नव्हतं." नोव्हेंबरातल्या त्या संध्याकाळपुरतं ते खरंच होतं.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे. तळघरात नेहमी दुप्पट शिधा भरणारा कप्तान कुठेच पोचत नाही. गेममध्ये तर नाहीच. मी नंतर तसं खेळून बघितलं, चार फेऱ्यांत कंगाल झालो. जोखीम घेतल्याशिवाय धंदा होत नाही, शेती होत नाही, लग्नही होत नाही. म्हणून जोखीम घेणं हाच दोष, असं मला म्हणायचं नाही. पण जोखीम एकाने घ्यायची आणि भुकेची वेळ आली की दुसऱ्याने मोजायचं, यात काहीतरी सडकं आहे. लंडनच्या धक्क्यावर भरती होणाऱ्या खलाशाला मी तळघर दाखवलं नव्हतं. डडली निदान त्याच होडीत, तितकाच उपाशी होता. मी त्या महिन्यात दिवाळीचा बोनस घेतला होता.

जानेवारीत मी सोलापूरच्या त्या मुलाला फोन केला. त्याला तोवर दुसरीकडे नोकरी लागली होती, पगार कमी. "जाऊ द्या सर, तुमच्या हातात काय होतं," असं तोच म्हणाला. तेव्हा मी त्याला मार्चचं सांगितलं. सही झालेली नव्हती, मला ते माहीत होतं, तरी मी दोन-तीन वर्षांचं बोललो होतो.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

सांगितलं असतं तर तू आला नसतास, हे उत्तर मला मार्चमध्येही माहीत होतं. फोनवर मी आवाज तुटतोय असं काहीतरी म्हणालो. परत फोन करतो म्हणालो. तो अजून करायचाय.