म्हातारपणाची काठी

लोकसंख्येचा विषय निघाला की आपला समाज गेली कित्येक वर्षे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहूनच बोलत आला आहे. "तुम्हाला मुले फार" असे कुणी म्हणायचे आणि आपण आकडे दाखवून ते खोडायचे, हा जणू रिवाजच पडला. २००४ च्या सप्टेंबरात जनगणनेचे धर्मनिहाय आकडे जाहीर झाले तेव्हा मुस्लिमांच्या दहा वर्षांतील वाढीचा दर ३६ टक्के म्हणून छापून आला. १९८१ साली आसामात आणि १९९१ साली जम्मू-काश्मीरमध्ये जनगणना झालीच नव्हती. हा फरक लक्षात घेतल्यावर तोच दर २९ टक्क्यांच्या आसपास आला. पण तोवर मथळे छापून झाले होते आणि दुरुस्ती आतल्या पानावर गेली होती.

आज ते आकडे पुष्कळ पुढे गेले आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये देशातील मुस्लिम स्त्रीला सरासरी ४.४ मुले होत. २०१९-२१ च्या पाहणीत ही सरासरी २.४ वर आली. याच काळात हिंदू स्त्रीची सरासरी ३.३ वरून १.९ वर आली. म्हणजे अंतर उरले आहे ते अर्ध्या मुलाचे, आणि तेही कमी होत चालले आहे. हा बदल कुणी दंडुका घेऊन घडवला नाही. मुली शाळेत गेल्या, लग्नाचे वय वाढले, जन्मलेले मूल जगेल असा भरवसा आईला वाटू लागला, त्यातून तो घडला.

तेव्हा आरोपाचे उत्तर देऊन झाले असे आम्ही मानतो. पण ते उत्तर देता देता एक प्रश्न आपल्याच घरात येऊन बसला, त्याकडे आपले लक्ष गेले नाही. मुले कमी झाली, माणसे जास्त वर्षे जगू लागली. मग म्हाताऱ्यांना कोण पाहणार?

हा प्रश्न साऱ्या देशाचा आहे. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसे सुमारे साडेदहा कोटी, म्हणजे शंभरात साडेआठ होती. महाराष्ट्रात हे प्रमाण शंभरात जवळजवळ दहा होते. २०५० पर्यंत देशात दर पाच माणसांमागे एक साठीच्या पुढचा असेल, असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज आहे. मुस्लिम समाज तुलनेने आज तरुण आहे. याचा अर्थ आपल्यावर ही वेळ येणार नाही असा नाही, ती थोडी उशिरा येईल इतकाच. विचार करायला हा जो वेळ मिळाला आहे, तो वाया घालवू नये.

आमच्या चांदूरमध्ये ही गोष्ट समजायला आकडे लागत नाहीत. याच जिल्ह्यात चांदूर बाजार आहे, म्हणून आमच्या गावाच्या नावापुढे 'रेल्वे' लागली. १८६७ साली ही लाइन नागपूरला पोचली तेव्हा तिने वऱ्हाडचा कापूस बाहेर नेला. आता ती माणसे नेते. शिकलेला मुलगा आधी अमरावतीला किंवा नागपूरला, मग पुण्याला जातो. शिक्षण नसलेला मिस्त्रीकामाला, गॅरेजात, ट्रकवर जातो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली, अमरावती जिल्ह्याची मात्र ११ टक्केही वाढली नाही. मागे राहतात अब्बा आणि अम्मी. बहुतेक घरांत शेवटी अम्मी एकटीच, कारण नवऱ्याचे वय जास्त असते आणि बाई अधिक जगते.

हे पाहून मोहल्ल्यातली जुनी माणसे म्हणतात, "बघा, मुले कमी केल्याचा हा परिणाम. चार-सहा असती तर एखादा तरी जवळ राहिला असता." हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यामागे खरी भीती आहे. ज्याला पेन्शन नाही, शेत नाही, बँकेत ठेव नाही, त्या हमालाने किंवा विडी वळणाऱ्या बाईने आपल्या मुलांवर भरवसा ठेवला तर त्यात चूक काय? गरिबाला दुसरा विमा मिळालाच नाही.

तरीही हा युक्तिवाद दोन ठिकाणी लंगडा पडतो. एक तर मुलांच्या संख्येने काळजीची हमी मिळते, असे आपला अनुभव सांगत नाही. सहा मुलगे असलेल्या घरात म्हाताऱ्यांच्या पाळ्या लागलेल्या आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. महिना संपला की गाठोडे उचलायचे. फेब्रुवारी ज्याच्या वाट्याला आला तो नशीबवान, कारण त्याचे दोन-तीन दिवस वाचले! कित्येकदा अब्बा थोरल्याकडे आणि अम्मी धाकट्याकडे अशी वाटणीही होते. चाळीस-पन्नास वर्षांची जोडी सहा मुलगे असूनच तुटते. जबाबदारी सहा जणांत वाटली की प्रत्येकाला वाटते, उरलेले पाच आहेतच. एकुलता एक असतो त्याला अशी पळवाट नसते.

दुसरी अडचण नैतिक आहे आणि आमच्या मते तीच मोठी आहे. आपल्या म्हातारपणाची सोय म्हणून दुसरा जीव जगात आणावा काय? कुरआनात आई-वडिलांविषयीची ताकीद अतिशय कडक आहे. ते वृद्ध झाले असता त्यांच्यापुढे 'उफ्' म्हणण्याचीही मनाई आहे. पण ही ताकीद मुलांना आहे. त्याच सूरह बनी इस्राईलमध्ये, काही आयतींनंतर, गरिबीच्या भीतीने मुलांचा जीव घेण्याची मनाई येते आणि तिथे बोलणे आई-वडिलांशी आहे. दोन्ही मिळून वाचले तर ध्यानात येते की मूल ही अल्लाहची अमानत आहे. अमानतीचा सांभाळ करायचा असतो, तिच्यावर व्याज लावायचे नसते. मुलाने करणे हा त्याचा फर्ज आहे, म्हणून त्या हिशेबाने मुले वाढवणे हा आपला हक ठरत नाही.

मग आई-वडिलांनी मुलांच्या दयेवर जगावे काय? मुळीच नाही. इथे आपल्याच फिकहमधली एक बाब विचार करायला लावते. मनुष्याला आपली जकात आपल्या आई-वडिलांना देता येत नाही. शेजारच्या गरीब म्हाताऱ्याला देता येते, स्वतःच्या गरीब बापाला नाही. कारण बापाचे अन्न-वस्त्र-औषध ही खैरात नव्हे, ते त्याचे देणे आहे. ऐपत असलेल्या मुलाच्या मालातला तो भाग आधीच त्याचा असतो. मुलगा दरमहा पाचशे रुपये पाठवून "मी अब्बांना मदत करतो" असे चारचौघांत सांगतो, तेव्हा त्याने देण्याला दानाचे नाव दिलेले असते.

आता हा फर्ज प्रत्यक्षात निभावतो कोण, तेही पाहू. मुलगा पैसे देतो आणि नाव मिळवतो. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचे अंथरूण बदलते सून. वास्तविक हनफी फिकहनुसार सासू-सासऱ्यांची खिदमत हा सुनेवरचा कायदेशीर फर्ज नाही. ती करते तो तिचा एहसान आहे. जो तिचा फर्ज नाही तो तिने मुकाट्याने करावा आणि ज्याचा फर्ज आहे त्याने ओट्यावर बसून सबरवर बोलावे, ही आपली रीत झाली आहे. पूर्वी घरात तीन-चार सुना असत, ओझे वाटले जाई. आता एकच सून आहे आणि ती कदाचित उर्दू शाळेत शिकवते किंवा शिलाईचे काम करते. मुले कमी झाल्याचा खरा ताण इथे आहे. मुलग्यांनी स्वतःच्या हाताने बापाला आंघोळ घालायला शिकल्याशिवाय तो सुटायचा नाही.

आणि मुलगी? आपल्या हिशेबात ती परक्या घरची. पण फिकहनुसार गरीब आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी ऐपतदार मुलगा आणि मुलगी दोघांवरही आहे. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने विजया मनोहर अरबट यांच्या खटल्यात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाखाली हेच सांगितले. मुलीचे लग्न झाले म्हणून बापाला पोसण्यातून तिची सुटका होत नाही. कल्याणच्या एका डॉक्टर मुलीचा तो खटला होता. ही जबाबदारी मुलीला मान्य असायलाच हवी, आणि पुष्कळ मुली ती न सांगता उचलतातही. पण मग वारसाहक्काचे काय? कुरआनने ठरवून दिलेला मुलीचा हिस्सा "बहिणीने भावाला माफ केला" या गोड शब्दांखाली वऱ्हाडातल्या किती शेतांत गाडला गेला आहे, हे सातबारा काढून बघावे. म्हातारपणाचा भार मुलीवर आणि शेत मुलाला, हा न्याय नव्हे. भार मागायचा असेल तर हिस्सा द्यावा लागेल.

याउपर काही म्हातारे असे उरतातच की ज्यांना मूलबाळ नाही, किंवा असून नसल्यासारखे आहे. त्यांच्यासाठी हजरत उमर यांचा एक प्रसंग आठवतो. काझी अबू यूसुफ यांनी तो 'किताबुल खराज'मध्ये नोंदवला आहे. दारोदार भीक मागणारा एक वृद्ध, आंधळा यहुदी खलिफांना दिसला. त्यांनी त्याला घरी नेले, जवळचे दिले, मग बैतुलमालच्या कारभाऱ्याकडे पाठवून त्याचा आणि त्याच्यासारख्यांचा जिझिया माफ करायला लावला. ज्याच्या तरुणपणातून आपण घेतले त्याला म्हातारपणी वाऱ्यावर सोडणे इन्साफ नाही, अशी त्यांची भूमिका होती. तो कोणत्या धर्माचा, त्याला मुलगे किती, हा प्रश्न तिथे आला नाही.

आपल्या राज्याने निराधार वृद्धांच्या योजनेला श्रावणबाळाचे नाव दिले आहे. पण २०२३ पासून मिळणाऱ्या दरमहा १५०० रुपयांत मधुमेहाच्या गोळ्या आणि दोन वेळचे जेवण बसत नाही. २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. महाराष्ट्रात तो २००९ पासून लागू आहे आणि सर्वधर्मीयांना आहे. आपल्याकडे अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा असतो. दरमहा १० हजारांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. म्हाताऱ्याला जमत नसेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था त्याच्या वतीने अर्ज करू शकते. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, मुलाने अट मोडल्यास, परतही मिळू शकते. म्हणूनच हयातीत सगळे हिबा करून मोकळे होणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ही अट कागदावर आणावी, हे आवर्जून सांगावेसे वाटते. तोंडी भरवशाचा निकाल आपण पुष्कळ पाहिला आहे.

"पोटच्या पोरावर अर्ज करायचा? इज्जत जाईल", असे म्हणतात. आमच्या मते इज्जत त्याआधीच गेलेली असते, अर्जाने ती फक्त दिसते.

सरकारवर सारे सोपवायलाही आम्ही तयार नाही. सरकारला घराघरातल्या पाळण्यांचा हिशेब करू दिला की काय होते, ते आपण पाहिले आहे. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. इराणची गोष्ट उलट दिशेची आहे. तिथे १९८९ नंतर सरकारने उलेमांच्या संमतीने कुटुंबनियोजन घरोघर नेले, सहाच्या वर असलेली सरासरी वीस वर्षांत दोनच्या खाली आली. मग देश म्हातारा होण्याची धास्ती बसली आणि २०२१ च्या कायद्याने सरकारी दवाखान्यांतून मोफत साधने देणे बंद झाले. एकदा 'कमी करा', एकदा 'वाढवा', आणि दोन्ही वेळा हुकूम बाईच्या शरीरावर. म्हाताऱ्यांची चिंता करायची म्हणून सुनेला आणखी मुले जन्माला घालायला सांगणे, हे उत्तर नव्हे.

मग उरतो तो मोहल्ला. आपल्याकडे मय्यत झाली तर तासाभरात शंभर माणसे जमतात. कबर खोदायला, खांदा द्यायला कुणाला बोलवावे लागत नाही. मेल्यावर ही जमात इतकी तत्पर असते, तर जिवंतपणी का नाही? मशिदीच्या कमिटीने वस्तीतल्या एकट्या वृद्धांची यादी ठेवावी. रमजानमधली जकात एकदम वाटून संपवण्याऐवजी तिचा एक भाग पात्र गरीब म्हाताऱ्यांना महिन्याच्या महिन्याला औषधासाठी पोचेल असे करावे. तरुणांनी पाळीने त्यांना दवाखान्यात न्यावे. शेजारचे हिंदू किंवा बौद्ध आजी-आजोबा त्या यादीत असतील तर सदक्याचा आणि लिल्लाहचा पैसा त्यांनाही चालतो. वृद्धाश्रमाचे नाव काढताच कानावर हात ठेवू नयेत. मुलगा असताना बापाला तिथे टाकणे वेगळे, आणि ज्याला कुणीच नाही त्याला छप्पर देणे वेगळे.

यासाठी मोठा निधी लागत नाही आणि कुठल्या फतव्याचीही वाट पाहावी लागत नाही. एक वही लागते आणि ती दर जुम्याला उघडणारा माणूस लागतो. असा माणूस प्रत्येक वस्तीत असतो, त्याला हे काम सोपवायचे तेवढे राहिले आहे.