जाहिरात शेवटपर्यंत वाचा

जाहिरात सूचनाफलकावर लागून आठवडा झाला. विद्यापीठाच्या परीक्षा विभागातल्या जागा, रुग्णालयात क्लिनिकल ट्रायलसाठी समन्वयक, संशोधन प्रकल्पात तंत्र सहायक. विचारायला एकही जण आला नाही. का, तर म्हणे "सर, कारकुनी आहे" आणि "सर, कंत्राटी आहे."

कारकुनी? निकाल रखडला की विद्यापीठावर मोर्चा नेणारे तुम्हीच ना? २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लागला पाहिजे. तो लावतं कोण? तिथे गुणांची एक नोंद चुकली तर एखाद्या पोराचं वर्ष वाया जातं. अशा जबाबदारीच्या कामाला नाकं मुरडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

३० जानेवारी २०२० ला देशातल्या पहिल्या कोविड रुग्णाचं निदान जाहीर झालं. नमुना केरळचा, तपासणी पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू संस्थेतली. तो नमुना घेणाऱ्याचा, थंड ठेवून पाठवणाऱ्याचा किंवा नोंदवून घेणाऱ्याचा हात चुकला असता, तर शास्त्रज्ञांनी तपासलं काय असतं? हेच ते सहायकाचं काम, जे तुम्हाला हलकं वाटतं.

आणि ट्रायलचा समन्वयक! गावाकडून मुंबईला आलेल्या कॅन्सरच्या रुग्णासमोर बसून त्याला समजेल अशा मराठीत सांगायचं असतं, की औषध अजून चाचणीत आहे, धोका हा आहे, मधेच नको वाटलं तर बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबणार नाहीत. हे न सांगता संमतिपत्रावर सही घेणं क्लिनिकल ट्रायलच्या २०१९ च्या नियमांत बसत नाही आणि माणुसकीतही बसत नाही. त्यासाठी विज्ञान शिकलेली, मराठी बोलणारी मुलं लागतात. म्हणजे तुम्हीच लागता.

कंत्राटी आहे, हे मात्र खरं. मुदत बहुधा ११ महिन्यांची, मानधन एकत्रित, प्रकल्प संपला की नोकरी संपली. कायमचं काम कंत्राटावर करून घेणं अन्यायाचं आहे, हे मी कुणाहीसमोर म्हणेन. मुदतवाढ कशी मिळते, रजा किती, हे मुलाखतीत तोंड उघडून विचारा. पण त्या सबबीखाली घरी बसून भरतीची वाट पाहत वयोमर्यादा ओलांडलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. ते दुःख मला पुन्हा पाहायचं नाही.

अर्ज करणाऱ्यांचीही तऱ्हा तीच. वय कोणत्या तारखेला मोजणार, अनुभव पदवीनंतरचा हवा का, मूळ कागदपत्रं कोणती, काही वाचायचं नाही. गेल्या खेपेला एका हुशार मुलीची संधी हुकली, कारण नॉन-क्रिमीलेअरची मुदत संपलेली होती. ती तारीख प्रमाणपत्रावरच छापलेली असते!

उद्या प्रत्येकाने जाहिरातीची प्रत आणायची, अटींखाली पेन्सिलीने रेघा मारून. ज्याने ती वाचलेली नसेल, त्याने शिफारसपत्र मागायला माझ्याकडे येऊ नये.