तारू अस्साला थांबले होते

शास्त्रवाचन : प्रेषितांची कृत्ये २०:७-१४, स्तोत्र १२१



पवित्र शास्त्रातील काही वचनांवर उपदेश झालेला आपण क्वचितच ऐकतो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातील तेरावे वचन त्यांपैकीच एक. त्रोवस येथे पौल रात्रभर बोलत राहिला, खिडकीत बसलेला युतुख झोपेच्या भरात तिसऱ्या मजल्यावरून पडला आणि जिवंत परत मिळाला, हे आपणांस ठाऊक असते. त्यानंतर काय झाले, इकडे मात्र लक्ष जात नाही. लूक व इतर सोबती तारवात बसून अस्स या बंदराकडे निघाले. पौल तारवात बसला नाही. सोबत्यांना पुढे पाठवून तो खुष्कीच्या मार्गाने निघाला. येथे मूळ ग्रीक भाषेत जे क्रियापद आहे ते 'पायी जाणे' आणि 'जमिनीवरून जाणे' अशा दोन्ही अर्थी येते. वाट सुमारे तीस-पस्तीस किलोमीटरांची होती. रात्रभराच्या जागरणानंतर पौलाला हे एकटेपण का हवेसे वाटले, याचे कारण लूक देत नाही.

या वचनाचा मी एकदा मोठा गैरवापर केला. त्याची कबुली देण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

शास्त्राच्या भाषांतराचे काम करणाऱ्या माझ्यासारख्याच्या मनात बंगालमधील सेरामपूरविषयी एक ओढ असते. हुगळीच्या काठच्या त्या गावी विल्यम केरी यांनी मराठीसाठी कष्ट घेतले. त्यांचे मराठी व्याकरण आणि मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ साली तेथे छापले गेले, आणि मराठी नवा करार १८११ साली. ते गाव एकदा डोळ्यांनी पाहावे, आणि तेथे माझ्या जुन्या बुलेटवरून जावे, अशी माझी व माझ्या पत्नीची फार दिवसांची इच्छा होती. आमचे सारे लांबचे प्रवास आम्ही त्याच गाडीवर केले होते. ती मागे बसे, नकाशा तिच्या हाती असे, आणि कोठे थांबायचे हे तीच ठरवी. २०२० साली प्रभूने तिला आपल्याकडे बोलावून घेतले. त्यानंतर तीन वर्षे ती गाडी मी शहराबाहेर नेली नाही.

२०२३ च्या नोव्हेंबर महिन्यात मी एकट्याने जाण्याचे ठरवले. नागपूरपासून सेरामपूर सुमारे अकराशे किलोमीटर. रायपूर, संबलपूर, केंदुझर, खरगपूर असे मुक्काम योजले. दिवसाला अडीचशे किलोमीटरांच्या आसपास मजल येत होती. मंडळीतील वडीलधाऱ्यांनी सोबत कोणी न्यावे म्हणून आग्रह केला. पाळकसाहेबांनी तर एका तरुणाचे नावही सुचवले. मी हसून उत्तर दिले, "पौलही सोबत्यांना पुढे पाठवून एकटाच गेला होता." शास्त्रवचन पुढे केल्यावर वाद कोण घालणार? पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीने तेवढी एक अट घातली : "पप्पा, रोज मुक्कामाला पोहोचलात की आधी मला फोन करायचा." मी शब्द दिला.

पहिले दोन दिवस फार सुखाचे गेले. आरंगजवळ महानदीचे विस्तीर्ण पात्र ओलांडताना मी मोठ्याने स्तोत्र म्हटले. मागची जागा रिकामी असल्याची जाणीव प्रत्येक वळणावर होत होती, तरी कित्येक महिन्यांत झाली नव्हती अशी प्रार्थना त्या रस्त्यावर झाली. एकांताचा हा लाभ खरा आहे, आणि मी तो नाकारीत नाही. याकोबाला देवदूतांची शिडी दिसली तेव्हा तो एकटा होता. एलीयाने आपल्या चाकराला बैर-शेबा येथे ठेवले, आणि होरेबाच्या डोंगरावर तो एकटाच पोहोचला.

तिसऱ्या दिवशी देवगड सोडल्यावर क्लचची तार तुटली. मला उडिया येत नव्हते, चहाच्या टपरीवाल्याला मराठी येत नव्हते. तरी त्याने सायकलवरून पुढच्या गावी जाऊन एका मिस्त्रीला आणले. त्यात तीन तास गेले. पूर्वेकडे नोव्हेंबरात साडेपाचच्या आतच अंधारून येते, हे मी हिशेबात धरले नव्हते. पुढचा रस्ता जंगलाचा आणि वळणांचा होता. हत्तींपासून सावध राहण्याचे फलक दिव्याच्या उजेडात दिसत आणि मागे जात. केंदुझरला पोहोचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजून गेले.

खोलीत गेल्यावर हात फोनकडे गेला. रेंज होती. पण मनात आले, आता सांगितले तर ती विचारील, अंधारात गाडी का चालवलीत? परत फिरा म्हणेल. आपण काय लहान आहोत? सकाळी सांगू. मी फोन बंद केला, आणि खरे सांगतो, गाढ झोपलो.

पहाटे फोन सुरू केला तेव्हा तिचे चोवीस फोन येऊन गेलेले होते. आदल्या मुक्कामाच्या लॉजवर तिने चौकशी केली होती. पाळकसाहेबांना रात्री अकरा वाजता उठवले होते, आणि त्यांनी मंडळीतील चार घरी प्रार्थनेस सांगितले होते. मी फोन लावला. पहिल्याच घंटीला तिने तो उचलला. माझे सारे स्पष्टीकरण तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "पप्पा, मी रागावले नाही. झोपले नाही, एवढंच."

वाचकहो, त्या वर्षी आमच्या समितीने १२१ व्या स्तोत्रावर बरेच दिवस घालवले होते. त्याच्या आठ वचनांत 'शामार' हा एकच इब्री धातू सहा वेळा येतो. त्यासाठी राखणे, रक्षण करणे, सांभाळणे, यांपैकी कोणता मराठी शब्द घ्यावा यावर आम्ही पुष्कळ वाद घातला होता. इस्राएलाचा राखणदार डुलकी घेत नाही आणि झोपही घेत नाही, असे ते स्तोत्र सांगते. या शब्दांचे व्याकरण मला ठाऊक होते. त्यांची किंमत मला केंदुझरच्या त्या खोलीत कळली. सांभाळणे म्हणजे दुसऱ्यासाठी जागे राहणे. मी ज्या रात्री 'मला कोणाची गरज नाही' म्हणून निश्चिंत झोपलो, त्या रात्रीचे जागरण दुसऱ्या कोणीतरी केले होते. आपल्या स्वावलंबनाचा खर्च पुष्कळदा आपल्यावर प्रेम करणाऱ्यांच्या खाती पडतो, आणि आपण त्या खात्याकडे पाहतही नाही.

मग त्याच खोलीत मी ते तेरावे वचन पुन्हा वाचले. ते मी अर्धेच वाचले होते. पौल खुष्कीने गेला खरा, पण त्याने तशी योजना सोबत्यांना सांगून ठेवली होती, असे लूक स्पष्ट लिहितो. अस्साला त्याला तारवात घ्यायचे, हे ठरलेले होते. आणि चौदाव्या वचनात तो ठरल्याप्रमाणे अस्साला त्यांना भेटतो, तारवात चढतो, आणि ते मितुलेनेस जातात. एकट्याने चालण्याची त्याला मोकळीक होती, पण कोणी वाट पाहत नाही असे समजून तो चालला नाही. त्या वाटेच्या एका टोकाला त्रोवसची मंडळी होती आणि दुसऱ्या टोकाला तारू. मी मात्र पौलाचा एकांत घेतला आणि त्याने सोबत्यांशी राखलेला शब्द सोडून दिला.

आपणांपैकी बहुतेक जण मोटारसायकलवरून बंगालला जाणार नाहीत. परंतु आपल्या मंडळ्यांत एकट्याने प्रवास करणारे आज पुष्कळ आहेत. मुले बंगळुरूला किंवा परदेशी, जोडीदार प्रभूकडे गेलेला, आणि आपण घरी एकटे. छातीत दुखते, पण मुलांना कळवत नाही. पडलो, पण सांगत नाही. विचारले तर म्हणतो, "कोणावर भार नको." या वाक्यात प्रीती थोडी असते, अभिमान अधिक असतो. काइनाने देवाला प्रत्युत्तर दिले तेव्हा 'राखणारा' यासाठी हाच 'शामार' धातू वापरला : मी माझ्या भावाचा राखणारा आहे काय, असे त्याने विचारले. आपण प्रौढपणी त्याच नकाराचे दुसरे रूप उच्चारतो : माझा राखणारा कोणी असू नये. दोन्ही वाक्यांनी एकच दोर तुटतो.

आणि ज्यांच्यासाठी खरोखरच कोणी जागत नाही, ज्यांच्या फोनची कोणी वाट पाहत नाही, त्यांचे काय? त्यांना मी एवढेच सांगेन की स्तोत्रातील राखणदार त्यांच्यासाठीही झोपलेला नाही. परंतु मंडळीला एक प्रश्न विचारल्यावाचून माझ्याने राहवत नाही. आपले तारू कोणाच्या अस्साला थांबते? रविवारी ज्यांची जागा रिकामी दिसते, त्यांना त्याच संध्याकाळी फोन करणारे कोणी आपल्यात आहे काय?

पाचव्या दिवशी मी सेरामपूरला पोहोचलो. तेथील जुन्या दफनभूमीत केरी, मार्शमन आणि वॉर्ड हे तिघे सहकारी विसावले आहेत. केरींच्या मराठी कामामागे फोर्ट विल्यम कॉलेजातील मराठी पंडित वैजनाथ यांचे साहाय्य होते. ज्यांना आपण एकटे थोर पुरुष म्हणून आठवतो, त्यांचे कामही एकट्याचे नव्हते. त्या थडग्यांपाशी उभा राहून मी आधी मुलीला फोन केला. मग प्रार्थना केली. परतीच्या प्रत्येक मुक्कामी बूट काढण्याआधी फोन केला, आणि घरी आल्यावर पाळकसाहेबांकडे व त्या चार घरी जाऊन क्षमा मागितली.

हे प्रभू, एकांतात आम्हांस भेट. आमच्यासाठी जे जागतात त्यांच्याशी आम्हांस खरे बोलायला शिकव. ज्यांच्यासाठी कोणी जागत नाही, त्यांच्यासाठी आम्हांस जागे ठेव. आमेन.