आकडा आणि जागा

सदसद्विवेकबुद्धी हा अंतःकरणातील देवाचा आवाज आहे, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गापासून ऐकत आलो आहोत. ते खरेच आहे. परंतु माणूस आपल्या विवेकाला स्मरून वागला आणि तरीही चुकला, तर तो दोषी ठरतो का? हा प्रश्न सेमिनरीत आम्ही ग्रंथांतून अभ्यासला. त्याचा खरा अर्थ मात्र आम्हांला वसमत येथे, एका लहानशा यंत्रासमोर उमगला.

हिंगोली जिल्ह्यातील वसमत हे हळदीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. तेथील एका श्रद्धावंत कुटुंबात आजीच्या पहिल्या स्मृतिदिनाची मिस्सा अर्पण करण्यासाठी आम्ही गेलो होतो. त्या घरच्या मुलाने लाकडावर अक्षरे कोरणारे छोटे सीएनसी यंत्र स्वतः जोडून तयार केले आहे. संगणकाच्या आज्ञेने चालणारी अशी यंत्रे आपल्या ग्रामीण भागाला आता अगदीच अपरिचित नाहीत. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ सालीच फॅब लॅब सुरू झाली होती.

रात्री त्या मुलाने सागाच्या फळीवर आजीचे नाव कोरावयास घेतले. सकाळी ती फळी कबरीवरील क्रुसाला लावायची होती. पाहुणे दुपारी परतणार होते. सकाळी पाहतो तो नावाची ओळ सुबक, परंतु तारखांची ओळ एकीकडे सरकलेली, शेवटचा आकडा फळीच्या काठावर गेलेला! वडील संतापले. "एवढं एक काम धड होत नाही," ते म्हणाले. आम्हीही मान डोलावली, आणि रात्री जागण्याच्या सवयीवर दोन उपदेशाचे शब्द सुनावले. मुलगा एवढेच म्हणाला, "फादर, स्क्रीनवर आकडा बरोबर हाय. फळीवरच चुकलंय."

ते वाक्य आम्हांला सबब वाटली. पण ते शब्दशः खरे होते. अशा यंत्रात स्टेपर मोटार असते. ती एका फेऱ्यात २०० पावले टाकते, म्हणजे एक पाऊल १.८ अंशांचे. संगणक विजेचे ठोके पाठवतो आणि किती पाठवले ते मोजतो. मोटार खरोखर तेवढी फिरली की नाही, हे साध्या यंत्रात त्याला कोणी सांगत नाही. पाठवलेली आज्ञा हीच तो पार पडलेली आज्ञा समजतो. एकदा पाऊल चुकले की पुढचे सारे काम त्या चुकीवरच उभे राहते, आणि आकडा मात्र निष्कलंक दिसतो.

मुलाने शोध सुरू केला. प्रथम त्याने वीज बंद केली, कारण चालू असताना मोटारीची वायर काढली तर तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर जळू शकतो. मग दोन मोटारींच्या जोडण्यांची अदलाबदल केली. दोष दुसऱ्या मोटारीकडे गेला नाही, तेव्हा ड्रायव्हर निर्दोष ठरला. वेटोळ्याची वायर तुटली असती तर मोटार जागच्या जागी थरथरून गुणगुणली असती, पण ती सुरळीत फिरत होती. शेवटी त्याने मोटारीचा दांडा आणि त्याला पुढच्या आट्यांच्या दांड्याशी जोडणारे कपलिंग, या दोहोंवर मिळून पेनने एक रेघ ओढली. यंत्र चालवले आणि रेघ दुभंगली. कपलिंगचा बारीक स्क्रू सैल झाला होता. मोटार प्रामाणिकपणे फिरत होती, तिचे फिरणे पुढे पोहोचत नव्हते.

"काल मिस्सासाठी खोली मोकळी करताना मशीन उचलली होती," मुलगा हळूच म्हणाला. ती बाहेर ठेवा, असे आम्हीच सांगितले होते.

संत थॉमस अक्वायनस यांनी चुकणाऱ्या विवेकाचा विचार करताना एक महत्त्वाचा भेद केला आहे. जे अज्ञान आपल्याला दूर करता येण्याजोगे नव्हते, ते आपल्याला दोषमुक्त करते. जे दूर करता आले असते पण केले नाही, ते करत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली हीच शिकवण मांडली: अटळ अज्ञानामुळे चुकलेला विवेक आपली प्रतिष्ठा गमावत नाही, मात्र सत्य शोधण्याची फिकीर न करणाऱ्याला हे लागू नाही. यंत्र हलवल्याने स्क्रू सैल झाला असेल, तर ते आम्हांला कळण्यासारखे नव्हते. पण चौकशी न करता एका मुलाला निष्काळजी ठरवणे, हे अज्ञान आमच्याच आळसाचे होते. त्या वेळी आमचा विवेक अगदी शांत होता. आमच्याही स्क्रीनवर आकडा बरोबर होता!

मग उपाय कोणता? संत इग्नेशियस लोयोला यांनी दररोज आत्मपरीक्षण करण्यास सांगितले. परंतु आत्मपरीक्षण म्हणजे आपलाच आकडा पुन्हा वाचणे नव्हे. संत लूकच्या शुभवर्तमानातील परुशी मंदिरात उभा राहून नेमके तेच करत होता. त्याचे उपवास आणि दशांश यांचा हिशेब चुकीचा नव्हता, तरी तो नीतिमान ठरून घरी गेला नाही. काम सुरू करण्यापूर्वी हे यंत्र आपल्या कोपऱ्यात जाऊन एका बटणाला टेकते आणि तेथून शून्य धरते. ते बटण त्याच्या हिशेबाच्या बाहेर असते, म्हणूनच त्याचा उपयोग. आपल्यालाही असे बाहेरचे काही हवे: प्रभूचा शब्द, पापनिवेदन, आणि ज्याला आपण दुखावले त्याचे म्हणणे. यांपैकी तिसऱ्याला आपण सर्वांत क्वचित टेकतो.

स्क्रू आवळायला दोन मिनिटे लागली, नवी फळी कोरायला दोन तास. पाहुणे थांबले. कबरस्तानाकडे निघताना आम्ही त्या मुलाची क्षमा मागितली. तो लाजला, म्हणाला, "जाऊ द्या, फादर." वडील काही बोलले नाहीत. फळी मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने क्रुसाला लावली, आणि सरळ बसली का, हे मुलाला विचारले.