चिमूटभर राख आणि दोन बाटल्या



आजचं वाचन : ईशावास्योपनिषद, मंत्र १७.

अठराच मंत्रांचं हे उपनिषद, आपण शेवटाशी आलोय. या मंत्रात मरणाच्या दारातला माणूस बोलतो. प्राण वाऱ्यात मिसळू दे, शरीर राख होऊन संपू दे, असं म्हणतो. आणि मग देवाला नाही, स्वतःच्याच मनाला बजावतो, की जे केलंस ते आठव. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

चार दिवस पोस्ट आली नाही, कारण मी या मंत्राच्या पुढे सरकलोच नाही. माझ्या टेबलाच्या खणात आईचा कुंकवाचा करंडा आहे आणि त्यात चिमूटभर राख आहे. आईची.

जुन्या वाचकांना माझा शनिवार-रविवारचा उद्योग माहीत आहे. रत्नागिरीला घरून काम सुरू झालं तेव्हापासून मी रेझिनची पेंडंट्स, कानातली करतो. ऑफिसच्या मंडळींसाठी जुन्या रॅममधल्या चिप्स घातल्या, मांडवीची काळी वाळू आणि पांढरी वाळू एकाच थेंबात बसवली, आंब्याचा मोहोर घातला (तो तपकिरी पडला, दोन वेळा). एका मैत्रिणीच्या मुलाचा पहिला पडलेला दात घातला. प्रवाळ आणि समुद्रघोडा मात्र कुणी आणून दिला तरी घेत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते गुन्हा आहे, आणि तसंही तो जीव शोभेसाठी नाही.

लोक याहून खासगी वस्तूही देतात. बाळाचं जावळ, लग्नाच्या हारातली फुलं. आईच्या दुधाची पावडर करून त्याचे दागिने करणारेही आता आपल्याकडे आहेत. ऐकायला विचित्र वाटतं, पण बाळाची वाळलेली नाळ चांदीच्या ताइतात घालून जपणारी घरं आपलीच की.

आई वैशाखात गेली. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा केल्या, तेव्हा ताई हळूच म्हणाली, "थोडीशी ठेव ना रे. मला पेंडंट करून दे." मी ठेवली. बाबांना विचारलं नाही. बाकी सगळं भाट्याच्या खाडीत सोडलं.

मग पाऊस लागला. कोकणातल्या पावसाळ्यात रेझिन ओतू नये, दमट हवेत वर पांढुरका, चिकट थर येतो. हे खरं आहे. पण खरं कारण म्हणून मी ते ताईला सांगितलं, हे खोटं होतं. दिवाळी झाली, हवा कोरडी झाली, करंडा तिथेच.

अडचण अशी आहे. रेझिनच्या दोन बाटल्या असतात, एक रेझिन आणि एक हार्डनर. त्या बाटलीवर दिलेल्या प्रमाणात, अगदी मोजून, सावकाश ढवळायच्या. अर्धा-पाऊण तास ते मधासारखं असतं, तोवर आतली वस्तू चिमट्याने काढता येते. मग आपोआप गरम होतं, रेणू एकमेकांना जाळ्यासारखे बांधले जातात, आणि दुसऱ्या दिवशी तो खडा साच्यातून निघतो. मेण वितळतं, सोनं वितळतं. हे पुन्हा वितळत नाही, जास्त तापवलं तर जळतं. आमच्या भाषेत सांगायचं तर रोलबॅक नाही. आणि मातीत पुरलं तरी ते मातीचं होत नाही.

म्हणजे जे शरीर राखेपर्यंत पोचून मोकळं झालं, त्याची शेवटची चिमूट मी अशा वस्तूत कोंडणार, जी पंचमहाभूतांतल्या कुणालाच लवकर परत घेता येणार नाही. मंत्र वाचताना माझा हात इथे अडकतो.

पण मग गणपती आठवतात. आमच्याकडे विसर्जन करून परत येताना पाटावर मूठभर वाळू आणतात. रिकाम्या पाटाने घरी यायचं नाही. म्हणजे सगळं सोडून दे म्हणणाऱ्या परंपरेलाही रिकामा हात सोसत नाहीच. फरक एवढाच, की आई ती वाळू दुसऱ्या दिवशी तुळशीत टाकायची. एक रात्र ठेवायची, मग मातीला द्यायची. त्या एका रात्रीत काय होतं, याचा मी लहानपणी कधी विचार केला नाही.

आणि आपल्याच गावात थिबा राजा आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलेला. १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच वारला. राणी सुपयालतला त्याला मायदेशी न्यायचं होतं, म्हणून दफन झालंच नाही, शवपेटी तशीच राहिली. शेवटी १९१९ मध्ये सरकारने त्याची समाधी इथेच केली आणि राणी त्याच्याशिवाय परत गेली. शाळेच्या सहलीत आम्ही पॅलेसच्या जिन्यात पळापळ केली होती. आता तिथून जाताना त्या दोन-अडीच वर्षांचा विचार येतो. राणीला आसक्ती सोड, असं सांगायला मी गेलो असतो का? मला तर वाटतं, तिची मागणी रास्त होती.

ताईला मी हा मंत्र व्हॉट्सॲपवर पाठवला, अर्थासकट. स्मरण राखेत नसतं, केलेल्या कर्मात असतं, वगैरे माझं भाष्यही जोडलं. तिचा फोन आला. "तुझं बरोबर असेल. पण तू आईच्या घरात राहतोस. तिचा कप, तिची खुर्ची, तिचा आवाज ओळखणारी गाय सगळं तिकडे. पुण्यात माझ्याकडे काय आहे? मला गळ्याशी हात नेल्यावर काहीतरी लागायला हवं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वैराग्याचा उपदेश मी खुर्चीत बसून करत होतो, आणि खुर्ची आईची होती.

मंत्र पुन्हा वाचला तेव्हा एक गोष्ट दिसली, जी मी चार दिवस सोयीने विसरलो होतो. तो मंत्र जाणाऱ्याच्या तोंडी आहे. मागे राहिलेल्यांनी राखेचं काय करावं, यावर तो काहीच सांगत नाही. जाणारा स्वतःला सांगतो, तू काय केलंस ते बघ. मी तोच मंत्र ताईवर चालवला. स्वतःवर चालवला असता तर पहिलं आठवलं असतं ते हे, की बाबांना न विचारता राख ठेवली आणि बहिणीला हवेचं कारण सांगितलं.

काल बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ करंडा हातात घेऊन बसले. मला वाटलं रागावतील. म्हणाले, "तिला दमट जागा आवडायची नाही. खणात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यास ना?" मग थोड्या वेळाने, "ताईला विचार. पण मला विचारशील तर, मी असेपर्यंत तरी तिला प्लॅस्टिकात घालू नका."

आता दोघांची इच्छा दोन टोकांना आहे आणि चिमूट एकच. अर्धी-अर्धी करा, असं तुमच्यापैकी कुणीतरी कमेंटमध्ये लिहीलच. मलाही सुचलं होतं. पण आईची वाटणी करायला ती काय आंब्याची पेटी आहे?

शनिवारी ताई येतेय. करंडा बाबांच्या समोर तिच्या हातात द्यायचा, एवढंच ठरवलंय. आईच्या पोथीत तिने ठेवलेली बकुळीची फुलं सापडली आहेत, पूर्ण वाळलेली, वास अजून आहे. तीही दाखवेन, पण या ऐवजी ते घे असं म्हणणार नाही. भरती कधी आहे ते बघून ठेवलंय. दोन्ही बाटल्याही टेबलावर काढून ठेवल्या आहेत.

उद्या मंत्र १८.