मुंग्यांना नाचवणारी तार

दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यालगत एडिस्टो नावाचं बेट आहे. तिथल्या बेसवादक जेम्स जेमर्सनचा जन्म १९३६ सालचा. त्याचं पहिलं वाद्य कुठल्या दुकानातून आलं नव्हतं. लहानपणी त्याने मुंग्यांच्या वारुळात काठी रोवली, काठीला रबर ताणून बांधलं आणि ते छेडलं. मुंग्यांना नाचवायचं होतं, असं तो पुढे सांगत असे. बेसवादनाची याहून नेमकी सुरुवात मला माहीत नाही. इतर वाद्यं हवेतून कानाकडे येतात. बेस आधी जमिनीत शिरतो आणि तळपायातून वर चढतो. बेस गिटारची सर्वांत खालची सुटी तार सेकंदाला साधारण ४१ कंपनं करते. एवढ्या खाली ऐकणं आणि जाणवणं यांतली सीमा पुसट होत जाते. त्या पोराने वाद्याचा श्रोता निवडला तोच मुळी जमिनीतला.

घरात आजी पियानो वाजवायची, मावशी चर्चच्या गायकवृंदात गायची. १९५४ साली तो आईबरोबर डेट्रॉइटला आला, शाळेत उभा डबल बेस हाती धरला आणि जॅझच्या क्लबांतून वाजवू लागला. किशोरवयातच त्याने एक जर्मन बनावटीचा उभा बेस विकत घेतला. मेरी वेल्सच्या ‘माय गाय’ या गाण्यात वाजतो तो हाच. हे वाद्य अंगाला टेकवून, मनगटापर्यंत जोर लावून वाजवावं लागतं. या मेहनतीने घडवलेला हात नंतर इलेक्ट्रिक बेसवर आला, तोही उभ्या बेसची सवय घेऊनच. उजव्या हाताची फक्त तर्जनी. त्या एका बोटाला सहकारी ‘हुक’ म्हणत.

त्याची साधनसामग्री सांगायला फार वेळ लागत नाही. एका सहवादकाने दिलेला १९५७ चा फेंडर प्रिसिजन हा इलेक्ट्रिक बेस, तो चोरीला गेला. मग दुसरा, तोही गेला. शेवटी १९६२ चा प्रिसिजन, ‘फंक मशीन’ म्हणून ओळखला जाणारा. क्लबात वाजवायला अँपेग बी-१५ हा ॲम्प्लिफायर. स्टुडिओत बहुधा तोही नाही, बेसची वायर थेट ध्वनिमिश्रणाच्या टेबलात. आज बेस शिकायला बसलेल्या मुलाकडे वर्षभरात याहून जास्त सामान जमतं. त्या हौसेला मी नावं ठेवणार नाही, वाद्याचा लोभ हाही संगीताच्या प्रेमाचाच भाग असतो. पण जेमर्सनच्या त्या एका वाद्याकडे पाहताना संग्रहाची माझी कल्पना बदलली.

त्या बेसवर ला बेला कंपनीच्या सपाट गुंडाळीच्या तारा होत्या, इंचाच्या ५२ सहस्रांशापासून ११० सहस्रांशापर्यंत जाड. तार तुटली तरच बदलायची, एरवी नाही. बोटांचं तेल, घाम, क्लबातला धूर हे सगळं त्या तारांत वर्षानुवर्षं मुरत गेलं. घोडीवरच्या चकचकीत झाकणाखाली स्पंजचा तुकडा दाबून बसवलेला. पुढे वाद्याची मान वाकली असावी, कारण ते हाती घेतलेले अनेकजण वाजवणं अशक्य म्हणत. त्या अडचणीमुळेच आवाज सुधारतो, असं त्याचं मत होतं.

तो स्पंज मला विशेष विचार करायला लावतो. आपल्याकडे तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी उघडतात, ती स्वरातले सूक्ष्म स्वर फुलावेत, नाद लांबावा म्हणून. खर्जाची तार छेडली की त्या एका नादात गंधारही ऐकू येतो. जेमर्सनने नेमकी उलट दिशा धरली. स्पंजाने वरचे स्वर दाबले, जुन्या तारांनी चमक काढून घेतली, नाद लवकर विझू दिला. खालचा स्वर लांबला तर नाचणाऱ्याच्या पावलाला जागा उरत नाही. त्याच्या प्रत्येक स्वराला आरंभ होता, वजन होतं आणि ठरलेला शेवटही. त्या मोकळ्या जागेमुळेच त्याला इतके स्वर वाजवता आले. ‘माय गर्ल’ या गाण्याच्या सुरुवातीला बेस मोजक्याच स्वरांवर उभा आहे. तिथून १९६७ च्या ‘बर्नाडेट’पर्यंत यावं, किंवा १९६८ च्या स्टीवी वंडरच्या ‘फॉर वन्स इन माय लाइफ’पर्यंत. बेस तिथे गायकाच्या खालून स्वतःची बंदिश मांडत जातो: सुट्या तारा, मधले कोमल-तीव्र स्वर, समेच्या आधीच घेतलेली उडी. तरीही गाणं गायकाचंच राहतं.

हे सगळं घडलं डेट्रॉइटमधल्या एका साध्या घरातल्या, ‘स्नेकपिट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खोलीत. मोटाऊन कंपनीच्या तबकड्या तिथून जगभर गेल्या, पण साथीच्या वादकांची नावं त्यांवर छापत नसत. १९७१ च्या मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर जेमर्सनचं नाव आलं, तोवर त्याच्या चाली लाखो लोकांच्या अंगात भिनल्या होत्या. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याच्या वादकांच्या आणि संयोजकांच्या वाट्याला हेच आलं. मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचं नाव देशभर पोचलं ते १९७७ च्या एका सिनेमातल्या गाण्यामुळे. हा माणूस व्हायोलिनवादक आणि संगीतकार प्यारेलाल यांचा गुरू होता, हे त्या गाण्यावर नाचलेल्यांपैकी किती जणांना ठाऊक होतं? ही बेफिकिरी मला आजही सलते.

१९७२ मध्ये मोटाऊनने आपला कारभार लॉस एंजेलिसला हलवला. मागोमाग जेमर्सनही गेला. चकाकत्या, गोल गुंडाळीच्या तारांची फॅशन आली होती. १९७४ मध्ये एका निर्मात्याने त्याला तशा तारा लावायला सुचवलं. त्याने नम्रपणे नकार दिला. यात काहींना हट्ट दिसतो. मला वाटतं, ज्याने एका तारेत आपलं सगळं आयुष्य साठवलं आहे त्याला ती बदलायला सांगणं म्हणजे त्याने नव्याने जन्म घ्यावा असं म्हणण्यासारखं आहे. कामं कमी होत गेली, दारूने शरीर पोखरलं. १९८३ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी तो गेला. मृत्यूच्या काहीच दिवस आधी फंक मशीनही चोरीला गेला होता.

१९८९ मध्ये ॲलन स्लट्स्की यांनी त्याच्या चाली स्वरलिपीत उतरवून त्याच्या चरित्रासह पुस्तकरूपात आणल्या. तेवढ्याच जाडीच्या तारा आजही मिळतात आणि स्पंजाला तर काहीच खर्च पडत नाही. बेस शिकणाऱ्याने हे सगळं जरूर आणावं. मग ‘बर्नाडेट’ लावून, उजव्या हाताची बाकीची बोटं बाजूला ठेवून, एकट्या तर्जनीने ती चाल संथ लयीत बसवायला घ्यावी. स्वर कुठे सुरू करायचा हे पुस्तकात लिहिलेलं आहे. तो कुठे थांबवायचा, हे मात्र तबकडी पुन्हापुन्हा ऐकूनच उमगतं.